बर्फावर पडून आलात? आता घरी काय कराल

नाताळच्या सुट्टीनंतर आणि पुन्हा मे महिन्याच्या अखेरीला रत्नागिरीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे आणि आम्हा फिजिओथेरपिस्टांकडे हल्ली एक वेगळा रुग्ण येऊ लागला आहे. सोलंग, गुलमर्ग किंवा औलीला बर्फावर पडून आलेला. कुणी सहलीत तासाभरासाठी स्की भाड्याने घेतलेली असते, तर कुणी मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत किंवा गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेत रीतसर शिकायला गेलेलं असतं. पडणं बर्फात होतं. बरं व्हायचं असतं ते इथे, चिऱ्याच्या पायऱ्या, पाखाड्या, भारतीय बैठकीचा संडास आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यासकट.

प्रश्न ठरलेले असतात. एक्स-रे नॉर्मल आहे तरी गुडघा का दुखतो? ऑपरेशन केलंच पाहिजे का? पाखाडी कधी चढू? मेडिक्लेम मिळेल का? हे सगळे प्रश्न इथे एकेक करून घेऊ. कबड्डी खेळताना किंवा शेवाळलेल्या अंगणात पडलेल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. पाय जागेवर अडकतो, वरचं शरीर वळतं आणि मधला गुडघा पिळवटतो. मग पायात स्की असो की स्लिपर.

या गोष्टींसाठी सकाळची वाट पाहू नका

खालीलपैकी एकही लक्षण असेल तर तिथल्या तिथे, मिळेल त्या रुग्णालयात जा. 'घरी पोचल्यावर दाखवू' म्हणू नका.

- हातापायाची बोटं बधिर, गार किंवा निळसर पडली आहेत. किंवा प्लास्टरच्या आतलं दुखणं तासागणिक वाढतंय, गोळीने उतरत नाही आणि बोटं नुसती हलवली तरी जीव जातो.
- डोकं आपटल्यावर उलट्या होताहेत, गुंगी येतेय, बोलण्यात गोंधळ आहे किंवा डोकेदुखी वाढत चालली आहे.
- मान किंवा पाठ दुखतेय आणि हातापायांना मुंग्या येताहेत, ताकद कमी वाटतेय, लघवीवर ताबा राहिलेला नाही.
- गुडघा एका जागी अडकलाय, काही केल्या सरळ होत नाही.
- एकाच पायाची पोटरी सुजून घट्ट झाली आहे, किंवा एकाएकी धाप लागतेय, छातीत दुखतंय.

शेवटचं लक्षण परतीच्या प्रवासात किंवा घरी आल्यावर दिसू शकतं. चंदीगडहून रत्नागिरीपर्यंत रेल्वेने यायचं तर एक दिवसाहून जास्त वेळ जातो. दुखावलेला पाय इतका वेळ हलला नाही की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. प्रवासात घोटा दर तासाला वीस-पंचवीस वेळा वरखाली करा, पाणी पीत राहा, पाय लांब ठेवता येईल असा खालचा बर्थ घ्या. पूर्वी गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. विमानाने येणार असाल आणि प्लास्टर नुकतंच घातलेलं असेल तर सूज वाढायला जागा राहील असं कच्चं किंवा चिरलेलं प्लास्टर मागून घ्या.

निघताना सोबत काय आणायचं? एक्स-रेची फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नव्हे. डॉक्टरांची चिठ्ठी, सगळी मूळ बिलं, स्की भाड्याने घेतल्याची पावती, शक्य असेल तर त्या स्कीचा आणि बुटाचा फोटो. पुढे विम्यासाठी आणि तक्रारीसाठी हेच कागद लागतात. घरी पोचल्यावर ते परत मिळवणं फार कष्टाचं होतं.

'एक्स-रे नॉर्मल आहे' याचा अर्थ

एक्स-रेत हाड दिसतं. लिगामेंट, गुडघ्यातली गादी आणि स्नायू दिसत नाहीत. एवढी एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसली तरी या लेखाचं निम्मं काम होईल.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं उदाहरण देतो. सोलंगला वळण घेताना त्या पडल्या. गुडघ्यात 'टक्' असं काहीतरी वाजल्याचं त्यांना चांगलं आठवत होतं. दोन तासांत गुडघा नारळाएवढा फुगला. एक्स-रेत काहीच नाही म्हणून पट्टी बांधून त्या परत आल्या. पंधरा दिवसांत सूज उतरली, चालता येऊ लागलं, शाळाही सुरू झाली. चार महिन्यांनी बाजाराची पिशवी घेऊन पाखाडी उतरताना गुडघा एकदम निसटला. एमआरआयमध्ये दिसलं, की गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, म्हणजे एसीएल, पूर्ण तुटलेलं आहे आणि आतल्या बाजूची गादीही फाटली आहे. एसीएल बहुधा पहिल्याच दिवशी तुटलं होतं. गादी मात्र नंतर, ढिल्या गुडघ्यावर वावरताना गेली असण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून तीन गोष्टी डॉक्टरांना न चुकता सांगा: पडताना आवाज आला का, सूज किती तासांत आली, नंतर गुडघा निसटतो का. सूज पहिल्या काही तासांतच भरली असेल तर गुडघ्याच्या आत रक्त साचल्याची शक्यता मोठी असते आणि त्यात एसीएल तुटलेलं निघण्याचं प्रमाण बरंच असतं. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज त्या मानाने सौम्य दुखापतीची. हे सांगितलंत तर डॉक्टर गुडघा हाताने तपासून बघतील. अनुभवी हाताला ढिलेपणा कळतो. ताज्या सुजेत तपासणी नीट होत नाही, तेव्हा आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं तर कंटाळा न करता जा.

गुडघ्याखेरीज आणखी तीन जागी बर्फावरची दुखापत लपून राहते.

मनगट. स्नोबोर्डवरून पडणारा माणूस हात टेकतो, म्हणून मनगटाच्या दुखापती त्यात सगळ्यात जास्त. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जी खळगी दिसते, तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. ते पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. अशा वेळी मनगट बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी दुसरा एक्स-रे किंवा आधीच एमआरआय करतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी, म्हणून दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही आणि काही वर्षांनी मनगट कायमचं दुखणं धरतं.

अंगठा. स्कीची काठी हातात असताना पडलं की अंगठा बाहेरच्या बाजूला उघडतो आणि त्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटतं. ते अर्धवट फाटलं असेल तर पट्टीने बरं होतं. पूर्ण तुटून त्याचं टोक बाजूच्या पडद्यावर अडकलं तर नुसत्या पट्टीने ते जुळत नाही, ऑपरेशन लागतं, आणि तेही लवकर. कपाची दांडी धरताना, किल्ली फिरवताना ताकद लागत नसेल तर 'अंगठाच तर आहे' म्हणून सोडू नका.

घोटा. स्नोबोर्ड करणाऱ्यांचा घोट्याखालच्या हाडाचा बाहेरचा कोपरा तुटतो. दिसायला ते अगदी मुरगळल्यासारखंच असतं, साध्या एक्स-रेत निसटतं आणि सीटी स्कॅनमध्ये सापडतं. स्नोबोर्डवर मुरगळलेला घोटा दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर स्कॅनबद्दल विचारा.

चोळून घेऊ नका

कोकणात लचक भरली की गावातल्या जाणत्या माणसाकडून चोळून घेण्याची रीत जुनी आहे आणि त्या माणसांवर लोकांचा जीव असतो, हे मी जाणतो. तरीही ताज्या दुखापतीत चोळणं, ओढणं, 'बसवणं' टाळाच. आत रक्त साचलेलं असताना चोळलं की सूज वाढते. मोडलेलं हाड हलतं. घट्ट बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांखाली रक्तप्रवाह बंद पडून बोटं गेल्याची उदाहरणं वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. गरम शेक आणि तेलही पहिले तीन-चार दिवस नको. त्याऐवजी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पाय उंचावर. पट्टी बोटं सुजणार नाहीत इतपतच घट्ट.

रत्नागिरीत कुणाकडे जाल

गुडघ्याच्या लिगामेंटसाठी लगेच मुंबई गाठण्याची गरज बहुतेकांना नसते. कबड्डी आणि दुचाकीचे अपघात यांमुळे हे गुडघे इथल्या डॉक्टरांच्या हाताखालून नेहमी जातात. जिल्हा शासकीय रुग्णालय आहे, त्याला जोडून २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. लांजा-साखरपा बाजूच्या लोकांना आंबा घाट चढून कोल्हापूरही जवळ पडतं. जायच्या आधी फोन करून एवढंच विचारा: दुर्बिणीतून गुडघ्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, आणि फिजिओथेरपी विभाग आहे का. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. ऑपरेशन तासा-दोन तासांचं, फिजिओथेरपी महिनोन्महिन्यांची. रोज किंवा एक दिवसाआड जिथे पोचता येईल अशी जागा नामांकित पण लांबच्या जागेपेक्षा कधीही बरी. मुंबईत ऑपरेशन करणार असाल तर पुढच्या व्यायामाचा लेखी आराखडा तिथल्या डॉक्टरांकडून घेऊन या, म्हणजे इथल्या फिजिओथेरपिस्टला अंदाजाने काम करावं लागणार नाही.

ऑपरेशन करायचं की नाही

सगळ्यात जास्त घालमेल इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर.

आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल, स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त दुखावतं, आणि ते एकटंच दुखावलं असेल तर बहुधा ऑपरेशनशिवाय बरं होतं. सौम्य असेल तर दोन-तीन आठवडे, पूर्ण फाटलं असेल तर बिजागरीचा ब्रेस लावून साधारण सहा आठवडे आणि पुढे व्यायाम.

एसीएलचं तसं नाही. ते तुटलं की आपणहून भक्कम जुळेल असा भरवसा धरता येत नाही. तरीसुद्धा 'तुटलं म्हणजे ऑपरेशन' हे समीकरण चुकीचं आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालचाली करणाऱ्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं आणि सोबत व्यायाम दिला. उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा नाही. घाईघाईने पहिल्या आठवड्यात निर्णय घेण्याची गरज नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मग निर्णय कशावर घ्यायचा?

- तुमचं वय नव्हे, तुमची कामं. कबड्डी, खोखो, फुटबॉल खेळणार असाल, आंब्याच्या झाडावर चढत असाल, हलत्या होडीत उभं राहून काम करत असाल तर ऑपरेशनचा विचार आधी करा. दुकान, कार्यालय, घरकाम आणि सपाटीवर चालणं एवढंच असेल तर आधी तीन महिने नेटाने व्यायाम करून बघा.
- गुडघा निसटतो का. व्यायाम करूनही रोजच्या चालण्यात, जिना उतरताना निसटत असेल तर थांबू नका. दर निसटण्याने गादीचं नुकसान होतं.
- गादीची स्थिती. शिवता येण्याजोगी फाटलेली गादी किंवा अडकलेला गुडघा असेल तर ऑपरेशन लवकर. हे वेळकाढूपणाचं प्रकरण नव्हे.
- ऑपरेशननंतर व्यायामाला वेळ देता येईल का. नऊ महिने आठवड्यातून चार-पाच दिवस. ते जमणार नसेल तर ऑपरेशनचा निम्मा फायदा हातचा जातो.

ऑपरेशन ठरलं तरी सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबतात. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर केलं तर तो नंतर आखडलेलाच राहण्याची भीती असते. या थांबण्याच्या काळातला व्यायाम फुकट जात नाही. मांडी जितकी मजबूत करून ऑपरेशनला जाल तितकं नंतरचं सोपं.

आणखी एक आपल्याकडचा हिशेब. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कुबड्यांचे पहिले आठवडे आषाढात आले तर घराबाहेर पडणं मुश्कील. गुडघा स्थिर असेल, गादी शाबूत असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर ऑपरेशन गणपतीनंतर ठेवायला हरकत नाही. गुडघा निसटत असेल तर मात्र पाऊस संपायची वाट बघू नका. ओल्या चिऱ्यावर असा गुडघा घेऊन वावरणं ऑपरेशनपेक्षा धोक्याचं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचं कलम कुठून घेणार? गादी शिवणार की कापणार? ब्रेस किती आठवडे? पायावर वजन कधीपासून? कामावर कधी? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

खांदा निखळला असेल तर दोन ओळी: विशीच्या आसपासच्या मुलांचा खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून झोळीतून हात काढल्यावर व्यायाम न करता खेळायला धावू नका. चाळिशीच्या पुढच्यांनी हात वर उचलता येतो का ते दोन आठवड्यांत तपासून घ्या; उचलत नसेल तर खांद्याभोवतीचा स्नायू फाटलेला असू शकतो.

घरात बदल करा

सगळ्यात जास्त होणारी चूक आधी सांगतो, कारण ती प्रेमापोटी होते. दुखऱ्या गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं आणि घरातली माणसं ती आवर्जून ठेवतात. तशी ठेवू नका. गुडघा त्या वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही, माणूस कायमचा लंगडतो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. ताणल्यासारखं दुखेल, ते चालेल. गादी शिवली असेल किंवा हाड मोडलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीचे बाकीचे व्यायाम साधे आहेत:

- पाय सरळ ठेवून मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. गुडघ्याची वाटी वर सरकलेली दिसली पाहिजे.
- टाच अंथरुणावरून हळूहळू आपल्याकडे ओढायची आणि परत सरळ.
- पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. गुडघा उचलताना वाकत असेल तर अजून पहिलाच व्यायाम करा.

संडास आणि न्हाणी. भारतीय बैठकीवर उकिडवं बसणं पहिले काही महिने बंद. बैठकीवर ठेवता येणारी कमोडची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते, भाड्यानेही मिळते. अंघोळ स्टुलावर बसून. गादी शिवली असेल तर साधारण चार महिने उकिडवं बसणं, मांडी घालणं नको, पूजेलाही खुर्चीच.

पाखाडी. चिऱ्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नसते आणि कठडाही नसतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबडी आधी. सोबतीच्या माणसाने चढताना मागे आणि उतरताना तुमच्या पुढे, एक पायरी खाली राहायचं, म्हणजे तोल गेला तर सावरता येतं. एकच काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. कुबड्यांच्या तळाचे रबर झिजले की ओल्या चिऱ्यावर सरळ घसरतात. पावसाळ्याच्या आधी बदला. अंगणातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून, काथ्याच्या नाहीतर तारेच्या ब्रशने घासून काढा, आणि हे काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

दमट हवा. प्लास्टरच्या आत घामाने खाज सुटते. सुई, पट्टी, चमचा आत घालू नका. जखम झाली तर दिसणारही नाही. ब्रेसच्या आतलं कापड रोज सुकवा, शक्य तर दोन संच ठेवा. प्लास्टरला कुबट वास आला किंवा ते ओलं झालं तर त्याच दिवशी बदलून घ्या.

तंबाखू आणि मिश्री. दोन्हींमुळे हाड जुळायला वेळ लागतो. मोडलेलं हाड जुळेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवा. मधुमेह असेल तर साखर काटेकोर सांभाळा. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनाभर घेत राहू नका, मूत्रपिंडावर परिणाम होतो.

परत चालणं, गाडी, खेळ: कधी?

एसीएलच्या ऑपरेशननंतरचा सर्वसाधारण क्रम असा. दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. सहा आठवड्यांच्या आसपास कुबडीशिवाय, न लंगडता चालणं. दुचाकी त्यानंतरच, कारण रस्त्यावर अचानक पाय टेकावा लागतो. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू असते, तिथे दोन-अडीच महिन्यांनी चालायला सुरुवात करता येते. कोरडी, भुसभुशीत वाळू अजून नको. पोहणं जखम पूर्ण भरल्यावर, पण बेडकासारखे पाय मारणं बराच काळ टाळा, त्याने गुडघा आतून पिळतो. हलकं धावणं तीन-चार महिन्यांनी, मांडीची ताकद आली असेल तरच.

खेळासाठी नऊ महिने थांबा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितकं प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेलं. कबड्डीच्या स्पर्धांचा हंगाम आला म्हणून सहाव्या महिन्यात मैदानात उतरणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं, ही कळकळीची विनंती.

नुसते महिने मोजून मात्र भागत नाही. या चाचण्या फिजिओथेरपिस्टसमोर द्या:

- खुर्चीवरून एकाच पायावर उठणं. दोन्ही पायांनी सारख्याच वेळा जमलं पाहिजे.
- पायरीवरून एका पायाने हळू उतरताना गुडघा आत पडतो का. आरशात तुम्हालाही दिसेल.
- एका पायावर लांब उडी. टेपने मोजा. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, आणि उतरल्यावर तोल जाता कामा नये.

खर्च, विमा आणि तुमचे हक्क

'स्कीइंग साहसी खेळ आहे, म्हणून मेडिक्लेम मिळणार नाही' असं एजंटही सांगून मोकळे होतात. पॉलिसीचा कागद काढून बघा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दांत हे कलम साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीपुरतं आहे. सहलीत तासभर स्की करणारा पर्यटक व्यावसायिक नसतो. प्रवास विमा आणि वैयक्तिक अपघात विमा यांची कलमं वेगळी असतात, तिथे मात्र स्कीइंग सरसकट वगळलेलं असू शकतं. ती स्वतंत्र वाचा. डॉक्टरांच्या कागदावर 'पर्यटक म्हणून स्कीइंग करताना पडले' अशी खरी नोंद असू द्या. काही लपवून 'घरात पडले' असं लिहून घेऊ नका. खोटी नोंद उघडकीला आली तर हक्काचा दावाही जातो.

- दाखल होण्याची खबर विमा कंपनीला लगेच द्या. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा, असा २०२४ चा नियम आहे.
- ऑपरेशनमध्ये लिगामेंटचं कलम बसवायला वापरलेल्या स्क्रू किंवा बटणाचं स्टिकर आणि बिल मागून घ्या, दाव्याला लागतं.
- डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांतली फिजिओथेरपी अनेक पॉलिसींत मिळते, पण डॉक्टरांनी ती लेखी सांगितलेली असली पाहिजे.
- दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपालांकडे जा. एक वर्षाची मुदत असते, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत महाराष्ट्राच्या सर्व रहिवासी कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन यादीत आहे का आणि त्या रुग्णालयाला त्यासाठी मान्यता आहे का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. उत्पन्न कमी असलेल्यांसाठी मुंबई-पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका सोबत न्या. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आजारपणाच्या रजेत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. दुखापत सुट्टीत झाली म्हणून हा हक्क जात नाही.

रुग्णालयाकडून तुमच्या उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

तुटका बूट दिला, पडताना न सुटणारं बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) दिलं, नवख्या माणसाला एकट्याला अवघड उतारावर सोडलं, असं काही घडलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दाद मागता येते. त्यासाठी मनालीला खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सुरुवातीला सांगितलेली पावती आणि फोटो इथे उपयोगी पडतात.

पुन्हा जाणार असाल

चाचण्या पार झाल्या असतील तर जरूर जा. मात्र निघण्याआधी दोन-तीन महिने मांडीचे आणि तोलाचे व्यायाम सुरू ठेवा, कारण आपल्याकडच्या माणसाला दिवसभर गुडघे वाकवून उभं राहायची सवय नसते. बाइंडिंग किती जोराला सुटायचं हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि सराव यांवरून ठरवतात. वजन खरं सांगा आणि भाड्याची स्की घेताना ते तुमच्यासमोर जुळवून घ्या. स्नोबोर्ड करणार असाल तर मनगटाचे संरक्षक घाला आणि पडताना मूठ मिटून घ्यायचा सराव करा. दुपारनंतर पाय थकतात आणि बर्फही बदलतो. 'शेवटची एक फेरी' म्हणून वर जायच्या आधी प्रशिक्षकाला विचारा, आणि मांड्या थरथरत असतील तर चालत खाली या.